पोट दुखतंय की पोटात दुखतंय?

‘पोट दुखतंय’ असं आपण म्हणतो आणि ‘पोटात दुखतंय’ असंही म्हणतो. बोलताना दोन्ही एकच. शेजाऱ्यानं नवी गाडी घेतली की ज्यांच्या पोटात दुखतं त्यांचा प्रश्न वेगळा, तो सोडून देऊ. पण या दोन वाक्यांत फरक करणारा तो एवढासा ‘त’ किती कामाचा आहे हे सर्जरी शिकताना मला कुणी सांगितलं नव्हतं. तालुक्याच्या गावी दवाखाना टाकून दहाएक वर्षं झाल्यावर ते हळूहळू उमगलं. पोटात दुखणं म्हणजे आतल्या आतड्याचं, पित्ताशयाचं, मूत्रनलिकेचं दुखणं. पोट दुखणं म्हणजे या सगळ्यांना पुढून झाकणाऱ्या भिंतीचं दुखणं. कातडी, चरबी, स्नायू आणि त्यांच्यातून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या मिळून ही भिंत होते. ती स्वतःही दुखू शकते हे पेशंटच्या ध्यानीमनी नसतं आणि खरं सांगायचं तर डॉक्टरच्याही मनात ते उशिरा येतं.

‘दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवर लादलेली पाण्याची कातडी पिशवी. इथं ती म्हण उलटी होते. दुखत असतं वरच्या पखालीला आणि आपण डागत बसतो आतल्या रेड्याला: पित्ताच्या गोळ्या, जंताचं औषध, एंडोस्कोपी आणि कधीकधी चांगलं धडधाकट अपेंडिक्स काढून टाकणं.

एका रात्री साडेअकराला एक ताई आल्या. वय पस्तिशीच्या आसपास, घरी शिवणकाम करणाऱ्या. उजव्या बाजूला, बेंबीच्या थोडं खाली अशी कळ आली होती की नवऱ्यानं उचलूनच रिक्षात घातलेलं. उलटी नाही, ताप नाही, शौचाला नेहमीसारखं, लघवी साफ. असं दुखणं दोन वर्षांत चारपाच वेळा उसळून गेलं होतं. सोबत कापडदुकानाची पिशवी आणि तिच्यात चार सोनोग्राफ्या, एक एंडोस्कोपी, एक सीटी स्कॅन. सगळ्यांच्या शेवटच्या ओळीचा अर्थ एकच: काही सापडलं नाही. सासूबाई बाहेरच्या बाकावरून मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणत होत्या, ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत म्हणतात. मग दुखतंय कुठं?’

प्रश्न चांगला होता. मीही तोच विचारला.

‘ताई, एका बोटानं दाखवा.’

आत दुखणारा माणूस बहुधा पंजा फिरवतो. ‘हे इथं, असं सगळीकडं’ म्हणतो. ताईंनी तर्जनी नेमकी एका जागी टेकवली आणि तापल्या तव्याला लागल्यासारखी लगेच उचलली. मी पेनानं तिथं फुली मारली. रुपयाच्या नाण्याएवढी जागा असेल. तिच्यावर माझं बोट ठेवलं, दुखेल इतपत दाबलं आणि म्हटलं, ‘हात छातीवर बांधा. आता उशीवरून फक्त डोकं आणि खांदे उचला. उठून बसायचं नाही.’ डोकं चार बोटं वर आलं आणि ताई ओरडल्या. पोट ताठ केल्यावर दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं होतं.

या ओरडण्याचा अर्थ लावायचा तर भिंतीची बांधणी माहीत हवी. बेंबीच्या दोन्ही अंगांना बरगड्यांपासून जांघेच्या हाडापर्यंत उभे उतरणारे दोन पट्टे असतात, रेक्टस नावाचे. जिममधली मुलं ज्यांचे सिक्स पॅक करू पाहतात तेच. प्रत्येक पट्टा एका चिवट म्यानात बसवलेला असतो. दोन म्यानं जिथं शिवल्यासारखी जुळतात तिथं मधोमध एक पांढरी उभी रेघ. दोन्ही कुशींवर स्नायूंचे तीन-तीन थर, एकाचे धागे दुसऱ्याला आडवे, प्लायवुडसारखे. सगळ्यांत आत पेरिटोनियम नावाचा पातळ पडदा आणि त्याच्या पलीकडे ती पोकळी, जिच्यात आपण सगळी दुखणी शोधत असतो.

भिंतीच्या नसा आणि पोकळीतल्या अवयवांच्या नसा यांचा स्वभाव वेगळा. भिंतीच्या नसा कातडीच्या नसांसारख्याच चोख असतात. कुठं टोचलं ते बोटभर जागेत सांगतात. आतल्या अवयवांच्या नसा मात्र मोघम बोलतात. आतडं कापलं तरी त्याला फारसं कळत नाही. ते ताणलं, पिळलं किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला की कळ उठते, पण ती नेमकी कुठून आली हे मेंदूला उमगत नाही. अपेंडिक्स सुजायला लागतं तेव्हा म्हणूनच आधी बेंबीभोवती दुखतं. काही तासांनी ती सूज पेरिटोनियमला भिडते, आणि या पडद्याच्या भिंतीकडच्या बाजूला भिंतीच्याच नसा असल्यामुळे दुखणं उजव्या ओटीपोटात येऊन नेमकं होतं. एकाच आजारात माणूस सकाळी पंजा फिरवतो आणि संध्याकाळी बोट ठेवतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

डोकं उचललं की रेक्टस ताठ होतो आणि पोकळीवर ढाल उभी राहते. दुखणारी गोष्ट ढालीच्या मागे असेल तर दाबणारं बोट तिच्यापर्यंत पोचत नाही, दुखणं कमी होतं. ढालच दुखत असेल तर ताठ झालेला स्नायू आणि वरचं बोट यांच्यामध्ये ती दुखरी जागा चेंगरते, दुखणं वाढतं किंवा निदान तेवढंच राहतं. ही युक्ती फिलाडेल्फियातले सर्जन जॉन बर्टन कार्नेट यांनी १९२६ साली छापली. बरगड्यांखालून येणाऱ्या नसांच्या दुखण्याला लोक पोटातला आजार समजतात, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात थॉमसन आणि फ्रान्सिस यांनी हीच परीक्षा तातडीनं भरती झालेल्या १२० पोटदुखीच्या रुग्णांवर करून पाहिल्याचं लिहिलं. २४ जणांत ती भिंतीकडे बोट दाखवत होती आणि त्यांतल्या एकाच्याच पोटात आत काही बिघाड निघाला. ही परीक्षा करायला अर्धं मिनिट लागतं. यंत्र लागत नाही आणि बिलात तिची ओळ येत नाही. ती मागे पडायचं निम्मं कारण हेच असावं, असं माझं मत आहे.

ताईंचं काय होतं? सातव्यापासून बाराव्या बरगडीच्या पातळीवरच्या नसा पाठीतून निघून कुशीच्या थरांमधून पुढे येतात. रेक्टसच्या बाहेरच्या कडेच्या जरा आत त्या जवळजवळ काटकोनात वळतात आणि स्नायूतल्या एका तंतुमय कड्यातून कातडीकडे वर येतात. बांगडीतून हात काढताना अंगठ्याच्या बुडाशी अडतो, तशी नस या वळणावर अडू शकते. कधी शस्त्रक्रियेच्या टाक्यामुळे, कधी बाळंतपणानंतर, कधी जड उचलल्यावर, आणि बऱ्याचदा कारण काही सापडतच नाही. विल्यम ॲपलगेट यांनी १९७२ साली या दुखण्याला नाव दिलं. त्याची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून डॉक्टर लोक त्याला ‘ॲक्नेस’ म्हणतात. मी पेशंटला ‘पोटाची नस दबलीय’ एवढंच सांगतो, आणि ते पुरतं. हे पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं.

नस दबल्याच्या आणखी दोन खुणा असतात. फुलीच्या भोवतीची कातडी चिमटीत उचलली तर एका बाजूला सहज सोसतं आणि दुखऱ्या बाजूला नुसत्या चिमटीनं डोळ्यांत पाणी येतं. स्पिरिटचा ओला बोळा फिरवला तर दोन्हीकडचा गारवा सारखा लागत नाही. ताईंना उजवीकडे ‘बधिर पण चरचरतंय’ असं काहीतरी वाटत होतं. बधिर आणि चरचर, एकाच जागी दोन्ही. नसेचं दुखणं असंच बोलतं. पोटाच्या आतल्या अवयवांना वरच्या कातडीचा गारवा सहसा असा बदलता येत नाही.

मग मी फुलीवर लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. दात काढताना हिरडी बधिर करायला देतात तेच औषध. दहा मिनिटांनी ताईंनी स्वतःच ती जागा चाचपली, आधी एका बोटानं, मग तीन बोटांनी, मग मुठीनं. परत डोकं उचलून पाहिलं. सासूबाईंना आत बोलावलं. हे इंजेक्शन औषध आहेच, पण त्याआधी पुरावा आहे: पातळ सुईनं कातडीखाली बोटभर खोल टाकलेलं औषध आतड्याला किंवा पित्ताशयाला पोचत नाही. त्यानं दुखणं थांबलं तर दुखणं तिथंच होतं.

काही जणांना एवढ्यावर कायमचा आराम पडतो. बऱ्याच जणांना काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावं लागतं, आणि काहींना एवढं करूनही पुरत नाही. त्यांच्यासाठी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनजवळच्या एका गटानं, रूमेन आणि शेल्टिंगा हे त्यातले सर्जन, ती नसच कापून काढायचा मार्ग धरला. तो खरंच चालतो का हे पाहायला त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. ४४ रुग्णांचे दोन सारखे गट केले. एका गटात नस कापली. दुसऱ्या गटात चीर दिली, टाके घातले, नस तशीच ठेवली, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे रुग्णाला कळू दिलं नाही. २०१३ साली निकाल छापून आला: नस कापलेल्या २२ पैकी १६ जणांना चांगला उतार पडला, खोट्या ऑपरेशनमध्ये २२ पैकी ४ जणांना. ते चार जणही विसरू नयेत. नुसती चीर देऊनसुद्धा बरं वाटू शकतं, म्हणूनच अशी कसोटी लावावी लागते. त्यांच्याच भागातल्या मोजणीत पोटदुखीसाठी तातडीच्या विभागात येणाऱ्या साधारण पन्नास जणांत एकाला हे नस दबण्याचं दुखणं निघालं. दुर्मीळ म्हणावं, तर मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पन्नास पोटदुख्या जमायला फार दिवस लागत नाहीत.

हे मुलांनाही होतं. दहाबारा वर्षांची मुलगी शाळेच्या वेळेला पोट धरून बसते, सोनोग्राफी स्वच्छ, आणि घरात ठरतं की नाटकं करते. असेलही नाटक. पण ती रोज बोट एकाच जागी ठेवत असेल, रविवारीही तिथंच ठेवत असेल, तर नाटक म्हणण्याआधी तिला आडवं निजवून डोकं उचलायला सांगावं.

दबलेली नस छळते, पण जीव घेत नाही. भिंतीतलं जे दुखणं जीव घेऊ शकतं ते म्हणजे रेक्टसच्या म्यानात साठणारं रक्त. त्याचा नेहमीचा रुग्ण म्हणजे सत्तरीच्या आजी. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू, आणि थंडीत लागलेला खोकला. खोकता खोकता ओटीपोटात ‘काहीतरी तुटल्यासारखं’ झालं, असं त्या सांगतात. खरोखरच तुटलेलं असतं. रेक्टसच्या मागून जांघेकडून वर चढणारी एक रोहिणी आहे. स्नायू झटक्यानं आवळला की तिच्या फांद्या फाटतात, आणि रक्त पातळ असेल तर ती गळती आपणहून थांबत नाही. म्यानाला वरच्या भागात मागेही भिंत आहे, पण बेंबीखाली काही बोटांवर ती मागची भिंत संपते. तिथून खाली स्नायूच्या मागे पातळ आवरण आणि लगेच पेरिटोनियम. तिथं रक्त साठलं तर पेरिटोनियम चिडतो, पोट दाबू देत नाही, आणि आतडं फुटलं की काय असं चित्र उभं राहतं. म्यानाचा बांध नसल्यानं ते रक्त ओटीपोटाच्या पोकळीच्या दिशेनं पसरतही जातं. बाहेर कातडीवर निळसर डाग उमटायला एखादा दिवस, कधी त्याहून जास्त लागतो, आणि तोवर नाडी जलद झालेली असते.

इथंही एक जुनी युक्ती आहे. मँचेस्टरचे स्त्रीरोगतज्ज्ञ फोदरगिल यांनी लिहिलं की पोटातली गाठ पोट ताठ केल्यावर हाताला लागेनाशी होते. भिंतीतली गाठ मात्र ताठ केल्यावरही लागते, आणि म्यानात कोंडलेली असल्यामुळे मधली रेघ ओलांडत नाही. त्यांच्यासमोर भिंतीतलं रक्त ओटीपोटातल्या गाठीचं सोंग घेऊन आलं होतं. साल तेच, १९२६. कार्नेट अमेरिकेत आणि फोदरगिल इंग्लंडात, एकाच वर्षी दोघंही पेशंटला पोट ताठ करायला सांगत होते.

आज या आजींचा सीटी स्कॅन करतात आणि तो करायलाच हवा, कारण रक्त किती साठलंय आणि अजून वाहतंय का हे हाताला कळत नाही. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पातळ करणारी गोळी थांबवायची की तिचा उतारा द्यायचा हे हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, रक्त चढवायचं, लक्ष ठेवायचं. वाहणं थांबत नसेल तर जांघेतून बारीक नळी घालून ती रोहिणी आतूनच बुजवतात. पोट उघडून ‘फुटलेलं आतडं’ शोधत बसणं हे यातलं सर्वांत वाईट. कोरोनाच्या साथीत खोकला आणि रक्त पातळ ठेवणारी हेपारिनची इंजेक्शनं दोन्ही एकदम आली, आणि जगभरातून असे रुग्ण नोंदवले गेले.

आजींच्या बाबतीत आणखी एका गोष्टीची भीती वाटते, ती म्हणजे पोट चोळणारे हात. आपल्याकडे पोटात कळ आली की ‘बेंबी सरकली’ म्हणतात आणि गावातल्या जाणत्या बाईकडून तेल लावून पोट चोळून घेतात. गॅसनं तुंबलेल्या तरुण पोटाला त्यानं बरंही वाटत असेल, त्याबद्दल मी भांडणार नाही. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या माणसाचं पोट अचानक दुखलं तर ते कुणीही चोळू नये. पोटावर कुठं गाठ आलेली असेल तरी चोळू नये. ती गाठ अडकलेल्या आतड्याची असू शकते.

आतडं किंवा चरबी भिंतीच्या फटीतून बाहेर डोकावणं म्हणजे हर्निया, जुन्या मराठीतला अंतर्गळ. जांघेतला किंवा बेंबीचा हर्निया कुणालाही दिसतो. लपून बसणाऱ्याची गोष्ट वेगळी. पदुआत शिकवणारे फ्लेमिश शरीररचनाकार आद्रियान व्हान डेन स्पीगेल (१५७८–१६२५) यांनी रेक्टसच्या बाहेरच्या कडेची चंद्रकोरीसारखी रेघ वर्णिली. त्या रेघेवरच्या हर्नियाला त्यांचं नाव मिळालं, पण तो हर्निया त्यांनी पाहिला नव्हता. तो योसेफ क्लिनकोश यांनी १७६४ साली वर्णिला. या स्पिगेलियन हर्नियाची खोड अशी की तो प्लायवुडच्या आतल्या दोन थरांतून बाहेर येतो आणि वरच्या थराखाली आडवा पसरतो. बाहेर फुगवटा दिसत नाही, जाड माणसात तर हातालाही लागत नाही. उभं राहिलं, जोर केला की बेंबीच्या खाली बाजूला दुखतं, निजलं की थांबतं. आणि डॉक्टर तर पेशंटला निजवूनच तपासतात! फट अरुंद असल्यामुळे त्यात आतडं अडकायची भीती मात्र मोठी. अशा संशयात पेशंटला उभं करून खोकायला लावत सोनोग्राफी करणारा रेडिऑलॉजिस्ट सोन्यासारखा.

छातीच्या खाली मधल्या रेघेतून वाटाण्याएवढी चरबी बाहेर आली तर जेवल्यावर पोट ताणलं की दुखतं, आणि माणूस वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खातो. काटकुळ्या म्हाताऱ्या बायकांत ओटीच्या हाडातल्या छिद्रातून आतडं उतरतं, ते तर पोटावर कुठंच दिसत नाही. आजी मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत कळ जाते म्हणून सांगतात, लोक गुडघ्याला तेल लावतात, आणि दोन दिवसांनी उलट्या सुरू होतात. हा शेवटचा प्रकार मी दोनदाच पाहिला आणि पहिल्यांदा मला ओळखता आला नाही.

काही दुखण्यांचं निदान दिनदर्शिकेत असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१च्या फेरीनुसार भारतात दर १०० बाळंतपणांत २१हून जास्त सिझर होत होती. त्यांतल्या फार थोड्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराच्या काही पेशी टाक्यांच्या रेघेत रुजतात. मग दर महिन्याला पाळीच्या दिवसांत त्या पेशीही सुजतात, रक्ताळतात. टाक्याच्या टोकाशी टणक गाठ येते आणि ती नेमकी त्याच दिवसांत ठणकते. बाई ‘सिझरचा टाका दुखतो’ म्हणते, घरचे ‘थंडीचं टाका दुखणारच’ म्हणतात. डॉक्टरनं ‘कुठल्या तारखेला दुखलं?’ एवढं विचारलं तर दोन-तीन महिन्यांत उत्तर आपोआप कागदावर उतरतं. गाठ पूर्ण काढली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

आणि काही निदान नुसतं कपडा नीट वर केला तरी होतं. नागीण उठायच्या आधी दोनतीन दिवस, कधी जास्त, त्या पट्ट्यात आग आणि कळ असते, कातडी मात्र स्वच्छ. उजवीकडे असली तर पित्ताशयाचं दुखणं वाटतं. मग पाठीपासून बेंबीपर्यंत एका बाजूनं फोडांची रांग उठते. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी झोपलेला असतो, तो वय झालं की किंवा अंगातली ताकद उतरली की त्या एका नसेतून बाहेर येतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती गावात अजून आहे. पण नस शरीराच्या एकाच बाजूची असते आणि मधल्या रेघेपाशी संपते, त्यामुळे तोंड आणि शेपूट सहसा जुळतच नाही. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू करणं चांगलं, विशेषतः पन्नाशीच्या पुढे. एका आजोबांच्या पोटावर नागिणीच्या फोडांवरच बिब्बा लावलेला होता. बिब्ब्याचे फोड कुठले आणि नागिणीचे कुठले हे ठरवायला मला भिंग घ्यावं लागलं. फोड न येताच असा पट्ट्यात दाह होत असेल, कातडीला सदरा सोसत नसेल आणि माणूस जुना मधुमेही असेल, तर साखरेनं खराब झालेल्या नसांचाही विचार करावा लागतो.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येते म्हणून उठला, उलटी झाली आणि पापण्या जड होत चालल्या, तर पोट तपासत बसू नये. मण्यार चावलेली कळत नाही, दाताच्या खुणा दिसत नाहीत, आणि तिच्या विषाची पहिली तक्रार पुष्कळदा पोटदुखीच असते. हे भिंतीचं दुखणं नाही. पण पोटदुखीच्या लेखात ते लिहिलं नाही तर माझी झोप उडेल.

स्नायूच्या साध्या इजेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वेगवान गोलंदाज ज्या हातानं चेंडू टाकतो त्याच्या विरुद्ध कुशीतला स्नायू बरगडीजवळ फाटतो. तो विश्रांतीनं बरा होतो. खालच्या बरगड्यांचं कुर्चेचं टोक सैल होऊन शेजारच्या बरगडीखाली सरकलं तर कुशीत ‘कट’ आवाज होऊन चमक येते. बरगडीच्या कडेखाली बोटं अडकवून पुढे ओढली की तीच चमक परत येते आणि निदान होतं.

आता कार्नेट यांच्या परीक्षेची दुसरी बाजू. ती फार लहान मुलांत करता येत नाही, कारण डोकं उचल म्हटलं की ती उठून पळतात. फार म्हाताऱ्या, कण्हणाऱ्या माणसात तिचं उत्तर धड मिळत नाही. पोट फळीसारखं कडक झालेलं असेल, रक्तदाब उतरला असेल, ताप असेल, हिरवी उलटी होत असेल, वारा सरत नसेल, तर तिच्यात वेळ घालवू नये. सर झकरी कोप यांचं पोटदुखीच्या निदानावरचं पुस्तक १९२१ साली निघालं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सर्जननी ते वाचलं. पुढे त्यांनी तोच विषय पद्यात बांधला. आपल्या वैद्यांनी हे फार आधी श्लोकांत केलेलं असल्यामुळे त्याचं मला नवल वाटलं नाही. कोप यांचा सगळा भर पुन्हा पुन्हा विचारण्यावर आणि पुन्हा पुन्हा हात लावून पाहण्यावर. एकदा तपासून निदान ठोकून देणाऱ्याला पोट चुकवतंच.

मला ते एकदा चुकवणार होतं. एकोणीस वर्षांचा कॉलेजचा मुलगा, संध्याकाळी सहाला आला. बोट उजव्या ओटीपोटावर, नेमकं. डोकं उचलल्यावर दुखणं वाढलं, अगदी ताईंसारखं. मी पेनानं फुली मारली. सुई भरायला सांगणार, तेवढ्यात त्याची आई म्हणाली, ‘काल रात्रीपासून जेवला नाही हो. आणि आधी बेंबीजवळ दुखतंय म्हणत होता.’ ताप अर्ध्या अंशानंच जास्त होता. मी सुई बाजूला ठेवली, त्याला भरती करून घेतलं आणि रात्री दहाला पुन्हा तपासलं. फुलीभोवतीची जागा आता तळहाताएवढी झाली होती आणि बोट उचलतानाही दुखत होतं. बाराला पोट उघडलं. सुजलेलं अपेंडिक्स पुढच्या भिंतीला जाऊन चिकटलं होतं, माझ्या पेनाच्या फुलीच्या बरोबर खाली. त्याचं पोटही दुखत होतं आणि पोटातही दुखत होतं.